बेसबॉलमधील मॅनेजरची हकालपट्टी आणि संघाचे यश : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रास्ताविक

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये एक दृश्य शंभराहून अधिक वर्षे पुनःपुन्हा दिसत आलेले आहे. पंचाच्या निर्णयाने संतापलेला मॅनेजर डगआउटमधून मैदानात धावत येतो, पंचाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन वाद घालतो, टोपी आपटतो, प्रसंगी बुटाने माती उडवतो. अखेर पंच हात झटकून त्याला सामन्यातून बाहेर काढतो. स्थानिक प्रेक्षक टाळ्या वाजवितात. निर्णय मात्र सहसा आहे तसाच राहतो.

क्रिकेटच्या परिचयातून या खेळाकडे पाहणाऱ्या वाचकाला हा प्रकार चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. बेसबॉलमधील 'मॅनेजर' हा कार्यालयीन व्यवस्थापक नसतो. संघनिवड, फलंदाजीचा क्रम, पिचर केव्हा बदलायचा याचा निर्णय, म्हणजे क्रिकेटमध्ये कर्णधार आणि प्रशिक्षक यांच्यात विभागलेली कामे, तो एकटा करतो. तो खेळाडूंसारखाच गणवेश घालतो आणि सामना थांबलेला असताना मैदानात येऊ शकतो. नियमपुस्तक मात्र त्याला फारसा वाव देत नाही. पंचाच्या विवेकावर अवलंबून असलेला निर्णय अंतिम मानला जातो. बॉल की स्ट्राइक या निर्णयाबाबत वाद घालण्यासाठी जागा सोडून येण्यासच मनाई आहे. हकालपट्टी झालेल्याने तत्काळ मैदान सोडावे, कपडे बदलण्याच्या दालनात थांबावे अथवा साध्या वेषात आपल्या संघापासून दूर प्रेक्षकांत बसावे, असा दंडक आहे.

निर्णय बदलणार नाही हे ठाऊक असूनही मॅनेजर हा वाद घालतात, याचे समर्थन एकाच वाक्यात केले जाते: त्यामुळे संघ पेटून उठतो. क्रीडावार्ताहरांनी हे विधान इतक्या वेळा उच्चारले आहे की त्याला सिद्धान्ताची प्रतिष्ठा लाभलेली आहे. या विधानाला इतिहासाचा आधार कितपत आहे, याची तपासणी करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. प्रश्न वरवर क्रीडाविषयक असला तरी एका घटनेनंतर दुसरी घटना घडली म्हणून पहिलीला कारण ठरविण्याची जी सवय इतिहासलेखनात सर्वत्र आढळते, तिची परीक्षा या छोट्या क्षेत्रात विशेष स्पष्टपणे घेता येते. बेसबॉलने आपल्या प्रत्येक सामन्याची नोंद जपून ठेवलेली आहे, ही त्यातील मोठी सोय होय.

एकाकी पंचाचा काळ

हकालपट्टीच्या परंपरेचे मूळ १८९० च्या दशकातील बाल्टिमोर ओरिओल्स या संघात शोधावे लागते. त्या काळी बहुतेक सामन्यांत एकच पंच असे. चेंडूकडे पाहताना त्याला धावणाऱ्या खेळाडूकडे पाहता येत नसे, आणि याचा पुरेपूर लाभ बाल्टिमोरचे खेळाडू घेत. प्रतिस्पर्ध्याचा पट्टा धरून ठेवणे, वाट अडविणे, पंचाला शिवीगाळ करणे हे त्यांच्या खेळाचे अंगच होते. याच संघात जॉन मॅकग्रॉ घडले. त्यांच्या दृष्टीने पंचाशी भांडण हा रागाचा उद्रेक नसून डावपेच होता. एकाकी, अल्पवेतनी आणि हजारो स्थानिक प्रेक्षकांच्या गराड्यात उभ्या असलेल्या माणसावर दडपण आणले, तर पुढचा संशयास्पद निर्णय आपल्या बाजूने लागू शकतो, हा त्यामागील हिशेब होता.

हा हिशेब अगदीच निराधार होता असे म्हणता येत नाही. टोबायस मॉस्कोविट्झ आणि एल. जॉन वर्थाइम यांनी २०११ च्या 'स्कोअरकास्टिंग' या ग्रंथात स्थानिक संघाला मिळणाऱ्या लाभाचे प्रमुख कारण पंचांवर प्रेक्षकांचे पडणारे नकळत दडपण हेच असल्याचे प्रतिपादन केले आहे. आजच्या प्रशिक्षित आणि देखरेखीखालील पंचांबाबत हे म्हणता येत असेल, तर १८९५ च्या पंचाची अवस्था काय असेल याची कल्पना करता येते. परंतु येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. दडपणाचा लाभ मिळतो तो मैदानात राहून वाद घालणाऱ्याला. हकालपट्टी म्हणजे त्या दडपणाचा भंग होय. बाहेर काढलेला मॅनेजर पुढच्या निर्णयाच्या वेळी पंचासमोर नसतो.

१९०१ मध्ये अमेरिकन लीगला प्रमुख दर्जा मिळाला तेव्हा तिचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी पंचांच्या पाठीशी उभे राहण्याचे धोरण जाहीरपणे स्वीकारले. मॅकग्रॉ तेव्हा या लीगमधील बाल्टिमोर संघाचे मॅनेजर होते. जॉन्सन यांनी त्यांना निलंबित केले आणि जुलै १९०२ मध्ये मॅकग्रॉ नॅशनल लीगमधील न्यूयॉर्क जायंट्सकडे निघून गेले. हे वैर इतके विकोपास गेले की १९०४ मध्ये जायंट्सने अमेरिकन लीगच्या विजेत्याशी वर्ल्ड सीरीज खेळण्यासच नकार दिला. पंचाच्या अधिकाराचा वाद हा असा एका संपूर्ण स्पर्धेला गिळून बसला, ही गोष्ट 'संघ पेटून उठतो' असे म्हणणारे सहसा सांगत नाहीत.

मॅकग्रॉ १९३२ पर्यंत जायंट्सचे मॅनेजर राहिले. त्यांच्या नावावर २,७६३ विजय, लीगची दहा विजेतेपदे आणि १३१ हकालपट्ट्या नोंदल्या गेल्या. या तीन आकड्यांना एका ओळीत मांडले की कार्यकारणभाव सिद्ध झाल्यासारखा भासतो. त्याच कालखंडातील कॉनी मॅक यांचे उदाहरण समोर ठेवले की तो भास ओसरतो. मॅक १९०१ ते १९५० अशी पन्नास वर्षे फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सचे मॅनेजर होते. ते गणवेश न घालता सूट आणि टाय अशा वेषात डगआउटमध्ये बसत आणि मैदानात उतरत नसत. पंचांशी त्यांचे भांडण नगण्य म्हणावे इतके कमी. त्यांचे ३,७३१ विजय हा आजही अबाधित असलेला विक्रम आहे. ३,९४८ पराभव हाही विक्रम त्यांचाच. संघाकडे चांगले खेळाडू असताना मॅक जिंकत आणि नसताना हरत. मॅकग्रॉ यांच्याबाबतही बहुतांशी हेच घडले.

१९१७ च्या जून महिन्यात सिनसिनाटी येथे मॅकग्रॉ यांनी बिल बायरन या पंचाला ठोसा मारला. त्याबद्दल त्यांना सोळा दिवसांचे निलंबन आणि ५०० डॉलर दंड झाला. त्या वर्षी जायंट्सने लीगचे विजेतेपद मिळविले. विजेतेपदाचे श्रेय ठोशाला द्यावे, की मॅनेजरच्या अनुपस्थितीला, की दोन्हींशी संबंध नसलेल्या पिचर मंडळींना, हा प्रश्न विचारला म्हणजे या प्रकारच्या युक्तिवादाची नाजूक अवस्था उघड होते. योगायोगाने त्याच महिन्यात, २३ जून १९१७ रोजी, बोस्टन रेड सॉक्सचा तरुण पिचर बेब रुथ याला पहिल्याच बॅटरनंतर पंचाशी हाणामारी केल्याबद्दल बाहेर काढण्यात आले. त्याच्या जागी आलेल्या अर्नी शोअर याच्या कारकिर्दीत एकाही प्रतिस्पर्ध्याला नव्याने बेसवर पोहोचता आले नाही आणि बोस्टनने सामना ४-० असा जिंकला. हकालपट्टीने संघाचे निश्चितपणे भले झाल्याचे दाखविता येईल असे बहुधा हेच एक उदाहरण. आणि त्यात मॅनेजर कोठेच नाही!

नाट्याचा उत्कर्ष

दूरचित्रवाणीच्या काळात पंच एकाकी राहिला नव्हता. १९५२ पासून नियमित हंगामातही चार पंच नेमण्याची पद्धत रूढ झाली. दडपणाचा जुना हिशेब कालबाह्य झाला, पण दृश्य टिकले. इतकेच नव्हे तर ते अधिक रंगतदार झाले. अर्ल वीव्हर हे या पर्वाचे नायक. बाल्टिमोर ओरिओल्सचे मॅनेजर म्हणून त्यांनी १,४८० विजय मिळविले, १९७० ची वर्ल्ड सीरीज जिंकली आणि नव्वदहून अधिक वेळा हकालपट्टी ओढवून घेतली. टोपीचा पुढचा भाग पंचाला लागू नये म्हणून ती उलटी फिरवून ते वाद घालीत. ऑगस्ट १९७५ मध्ये एकाच दिवशीच्या दोन सामन्यांपैकी पहिल्यात रॉन लुसियानो या पंचाने त्यांना बाहेर काढले आणि दुसऱ्या सामन्यापूर्वी खेळाडूंची यादी देताना पुन्हा बाहेर काढले. १९८० च्या सप्टेंबरमध्ये बिल हॅलर या पंचाच्या अंगावर एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी मायक्रोफोन बसविलेला असताना वीव्हर यांनी घातलेला वाद ध्वनिमुद्रित झाला. त्या मुद्रणातील शिवराळ भाषा बाजूला ठेवली तर जाणवते ते असे की दोघांपैकी कोणालाही निर्णय बदलेल अशी अपेक्षा नाही.

वीव्हर यांचे यश निर्विवाद आहे. तथापि त्यांच्या यशाची कारणे अभ्यासकांना अन्यत्र सापडतात: उत्तम पिचर, भक्कम क्षेत्ररक्षण आणि कोणत्या पिचरसमोर कोणता बॅटर यशस्वी होतो याच्या नोंदी ठेवण्याची शिस्त, जी त्या काळी दुर्मिळ होती. भांडखोर म्हणून प्रसिद्ध असलेला हा माणूस प्रत्यक्षात हिशेबी होता. भांडणाने मात्र त्यांना महत्त्वाच्या क्षणी मदत केल्याचे दिसत नाही. १९६९ च्या वर्ल्ड सीरीजमधील चौथ्या सामन्यात त्यांना तिसऱ्या डावातच बाहेर जावे लागले. १९३५ नंतर वर्ल्ड सीरीजमध्ये मॅनेजरवर ही पाळी प्रथमच आली होती. ओरिओल्स तो सामना दहाव्या डावात २-१ असा हरले आणि पुढे मालिकाही. सप्टेंबर १९७७ मध्ये टोरोंटो येथे मैदानालगत अंथरलेल्या ताडपत्रीवरून वाद होऊन त्यांनी आपला संघच मैदानातून परत बोलाविला आणि सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल झाला. त्या वर्षी ओरिओल्स विजेत्या न्यूयॉर्क यांकीजच्या अडीच सामने मागे राहिले. एका सामन्याने तो फरक भरून निघाला नसता हे खरे. परंतु अशा चुरशीच्या स्पर्धेत एक सामना स्वेच्छेने सोडून देणे याला डावपेच म्हणणे कठीण आहे.

बिली मार्टिन यांच्या बाबतीत तर परिणाम उघडच उलटा झाला. मे १९८८ मध्ये ओकलंड येथे त्यांनी डेल स्कॉट या पंचावर माती फेकली. तीन सामन्यांचे निलंबन पंचांच्या संघटनेला अपुरे वाटले आणि मार्टिन डगआउटबाहेर पाऊल टाकताच त्यांना बाहेर काढले जाईल अशी घोषणा तिने केली. ज्या दडपणावर मॅकग्रॉ यांची मदार होती, ते आता पंचांच्या हाती आले होते. त्याच वर्षीच्या जूनमध्ये यांकीजने मार्टिन यांना पदावरून दूर केले.

कारण आधी की कार्य?

'हकालपट्टीनंतर संघ जिंकला' अथवा 'हरला' या विधानांत एक मूलभूत अडचण दडलेली आहे. मॅनेजरची हकालपट्टी ही चिठ्ठी टाकून ठरविली जात नाही. ज्या दिवशी निर्णय प्रतिकूल जात आहेत, संघ मागे पडला आहे, त्याच दिवशी तिची शक्यता बळावते. १९८५ च्या वर्ल्ड सीरीजचा सातवा सामना या दृष्टीने बोलका आहे. आदल्या सामन्यात पहिल्या बेसवर डॉन डेंकिंजर या पंचाने दिलेला चुकीचा निर्णय सेंट लुइस कार्डिनल्सच्या जिव्हारी लागला होता. सातव्या सामन्यात तेच पंच बॅटरच्या मागे उभे होते. तेथे मॅनेजर व्हायटी हर्झॉग आणि पिचर वाकिन अंदुहार या दोघांचीही हकालपट्टी झाली आणि कार्डिनल्स ११-० असे हरले. परंतु हकालपट्टीच्या क्षणी सामना हातचा गेलेलाच होता. येथे पराभवाने हकालपट्टी घडविली. हकालपट्टीने पराभव घडविला नाही. म्हणून केवळ अशा सामन्यांची जयपराजयाची बेरीज मांडून 'हकालपट्टी हानिकारक' असे म्हणणे हेही तितकेच भाबडे ठरते.

दुसरी अडचण दीर्घ पल्ल्याची. तिचे उत्तम उदाहरण म्हणजे शिकागो कब्जचे मॅनेजर लू पिनिएला. १ जून २००७ रोजी डगआउटमध्ये कार्लोस झाम्ब्रानो आणि मायकेल बॅरेट या त्यांच्याच दोन खेळाडूंमध्ये मारामारी झाली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बेसवर एंजल पागान बाद दिला गेल्यावर पिनिएला यांनी टोपीला लाथ मारली, मार्क वेग्नर या पंचाच्या दिशेने माती उडविली आणि ते बाहेर गेले. निर्णय योग्य होता हे त्यांनी नंतर मान्यही केले. त्या दिवशीच्या पराभवानंतर कब्जची स्थिती २२ विजय, ३१ पराभव अशी होती. पुढील १०९ सामन्यांत त्यांनी ६३ जिंकले, ४६ गमावले आणि आपल्या विभागाचे विजेतेपद मिळविले. 'कलाटणी देणारा क्षण' म्हणून ही हकालपट्टी आजही सांगितली जाते.

आकडे खरे आहेत. परंतु हा संघ मुळात ३१ पराभवांच्या योग्यतेचा होता का, हे कोणी विचारीत नाही. आदल्या हंगामात ९६ पराभव पत्करल्यावर कब्जने प्रचंड खर्च केला होता; एकट्या अल्फोन्सो सोरियानोशी आठ वर्षांसाठी १३६ दशलक्ष डॉलरचा करार झाला होता. अशा संघाची सुरुवात वाईट झाली तर काही काळाने तो आपल्या मूळ पातळीकडे परततोच. त्यासाठी कोणी मातीला लाथ मारण्याची गरज नसते. जून महिन्यातच बॅरेट यांना सॅन दिएगोला पाठविण्यात आले, हा बदल बहुधा अधिक परिणामकारक असावा. शिवाय हंगामाच्या आरंभी आघाडीवर असलेला मिलवॉकी संघ पुढे ढेपाळला, म्हणून ८५ विजयांवर विभाग जिंकता आला. त्यानंतर अॅरिझोनाने कब्जला सलग तीन सामन्यांत हरविले. २ जूनचा अग्नी ऑक्टोबरपर्यंत टिकला नाही, असे म्हणावे काय?

तरीही पिनिएला यांच्या कृतीला निरर्थक ठरविता येत नाही. १ जूनला सर्व वृत्तपत्रांचा विषय आपसांत मारामारी करणारा संघ हा होता. २ जूनला तो पंचाशी भांडणारा मॅनेजर हा झाला. खेळाडूंवरील नजर मॅनेजरने आपल्या अंगावर घेतली. धावसंख्येत याचे रूपांतर किती झाले हे मोजता येत नाही, पण हे कार्य खरे आहे, आणि 'पेटून उठणे' या शब्दाने ते झाकले जाते.

याउलट एक सामना जिंकून देणारी, पण पुढे काहीच न घडविणारी हकालपट्टीही आढळते. २६ जून २००१ रोजी पिट्सबर्ग पायरेट्सचे लॉइड मॅक्लेंडन यांनी बाहेर जाताना पहिला बेसच उपटून काखेत मारला. पायरेट्सने तो सामना बाराव्या डावात ७-६ असा जिंकला. त्या हंगामात त्यांचे एकूण पराभव १०० झाले. न्यूयॉर्क मेट्सचे बॉबी व्हॅलेंटाइन तर ९ जून १९९९ रोजी हकालपट्टीनंतर खोट्या मिशा आणि काळा चष्मा लावून डगआउटमध्ये परतले. मेट्सने सामना चौदाव्या डावात जिंकला आणि व्हॅलेंटाइन यांना दोन सामन्यांचे निलंबन व ५,००० डॉलर दंड झाला. त्या विजयाचे श्रेय मिशांना देण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही.

बॉबी कॉक्स : ढालीचे कार्य

मॅकग्रॉ यांचा विक्रम १४ ऑगस्ट २००७ रोजी अटलांटा ब्रेव्हजचे बॉबी कॉक्स यांनी मोडला. चिपर जोन्स या त्यांच्या प्रमुख बॅटरला तिसऱ्या स्ट्राइकवर बाद दिले गेले, जोन्स पंचाशी बोलू लागले आणि कॉक्स मध्ये पडून स्वतः बाहेर गेले. ही त्यांची १३२ वी हकालपट्टी. २०१० मध्ये निवृत्त होईपर्यंत हा आकडा नियमित हंगामात १५८ वर पोहोचला. कॉक्स यांची ख्याती संतापी माणूस अशी नव्हती. खेळाडू त्यांना जिव्हाळ्याने वागणारा मॅनेजर म्हणूनच ओळखीत.

या प्रसंगात हकालपट्टीचा खरा हिशेब दिसतो. खेळाडू बाहेर गेला तर संघाचे होणारे नुकसान प्रत्यक्ष आणि मोठे असते. १९९० मध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतील चौथ्या सामन्यात बोस्टनचा सर्वोत्तम पिचर रॉजर क्लेमन्स याला दुसऱ्याच डावात बाहेर काढण्यात आले. बोस्टन ३-१ असे हरले आणि मालिका तेथेच संपली. मॅनेजर गेला तर त्याचा सहायक त्याच योजनेनुसार सामना चालवितो. म्हणजे मॅनेजर हा संघातील सर्वांत स्वस्तात गमावता येणारा माणूस असतो. त्याने आपली हकालपट्टी देऊन खेळाडूची वाचविली तर तो सौदा फायद्याचाच. या लाभाची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही, कारण जी हकालपट्टी घडलीच नाही तिची मोजदाद कशी करणार? इतिहासकाराला परिचित असलेलीच ही अडचण आहे: टळलेल्या आपत्तीचा दस्तऐवज नसतो.

मात्र कॉक्स यांच्याही बाबतीत निर्णायक प्रसंगीचा लाभ दिसत नाही. वर्ल्ड सीरीजच्या दोन सामन्यांत हकालपट्टी झालेले ते एकमेव मॅनेजर. १९९२ च्या तिसऱ्या सामन्यात त्यांनी भिरकावलेले हेल्मेट मैदानात गेले; १९९६ च्या सहाव्या सामन्यात दुसऱ्या बेसवर बाद दिलेल्या मार्किस ग्रिसमच्या बाजूने ते वाद घालून परतत होते. दोन्ही सामने ब्रेव्हज ३-२ असे हरले. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध त्यांना बाहेर जावे लागले, तो सामना मात्र ब्रेव्हजने अकराव्या डावात ५-४ असा जिंकला. या तिन्ही मालिका अखेर प्रतिस्पर्ध्यांनी जिंकल्या.

यंत्राचा प्रवेश

या चर्चेत पंचाच्या बाजूचा विचार क्वचितच होतो. मॅनेजरचा आवेश ज्याच्या तोंडावर आदळतो त्याला निमूटपणे उभे राहावे लागते, आणि 'पेटून उठण्या'च्या हिशेबात त्याचा अपमान कोठेही धरला जात नाही. २ जून २००७ रोजी मार्क वेग्नर यांनी योग्य निर्णय दिला होता. अंगावर माती मात्र त्यांच्याच आली.

२००८ च्या ऑगस्टमध्ये होमरनच्या निर्णयांसाठी चित्रफितीचा आधार घेण्यास आरंभ झाला आणि २०१४ पासून ही सोय बहुतेक धावबादसदृश निर्णयांना लागू झाली. मॅनेजरला फेरतपासणीची औपचारिक मागणी करता येऊ लागली आणि फेरतपासणीनंतर वाद घातल्यास हकालपट्टी ठरलेली. वीव्हर यांच्या पद्धतीच्या भांडणाचे निम्मे निमित्त येथेच संपले. उरला तो बॉल-स्ट्राइकचा प्रांत, आणि अलीकडील हंगामांत निम्म्याहून अधिक हकालपट्ट्या त्यावरूनच झालेल्या आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मेजर लीगने या निर्णयांनाही यंत्राद्वारे आव्हान देण्याच्या पद्धतीला २०२६ च्या हंगामापासून मान्यता दिली. प्रत्येक संघाला दोन आव्हाने मिळतात. आव्हान यशस्वी झाले तर ते शिल्लक राहते. ते देण्याचा हक्क केवळ बॅटर, पिचर आणि कॅचर या तिघांना आहे, आणि तोही डगआउटमधून कोणाची मदत न घेता, तत्क्षणी, टोपीला किंवा हेल्मेटला हात लावून. २००७ च्या त्या संध्याकाळी ही सोय असती तर चिपर जोन्स यांनी हेल्मेटवर थाप मारली असती, काही सेकंदांत मैदानावरील मोठ्या पडद्यावर चेंडूची जागा दिसली असती, आणि कॉक्स यांना डगआउटमध्येच बसून राहावे लागले असते.